पाणी खाणारा मुलगा

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. पाणी पितात की खातात?

हसलात ना? आमचा तिसरीचा वर्गही असाच खो-खो हसला होता. आणि खरं सांगायचं तर तुमच्याशी दर आठवड्याला बोलणाऱ्या या मॅडमलाही तेव्हा हसू आवरलं नव्हतं. आज त्या हसण्याचीच गोष्ट सांगणार आहे. गोष्टीत माझी चूक आहे, तीही लपवणार नाही.

आमची शाळा गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात आहे. शाळेमागे मोहाची झाडं, त्यांच्या पलीकडे मामा तलाव. हा मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, बरं का! 'माजी मालगुजारी तलाव' या लांबलचक नावातल्या पहिल्या दोन शब्दांची पहिली अक्षरं घेतली की होतो 'मामा'. असे तलाव आमच्या पूर्व विदर्भात गावोगाव आहेत. त्यांच्या पाण्यावर धान पिकतं आणि त्यांत मासेही पोसतात.

या तलावांमुळेच आमच्या वर्गात एक नवा मुलगा आला. त्याचे बाबा मासळीचा धंदा करतात. मुलचेरा तालुक्यातलं आपलं गाव सोडून ते आमच्या गावी राहायला आले. जूनच्या शेवटी शाळा उघडली, तेव्हा हा मुलगा बाबांचं बोट धरून वर्गाच्या दारात उभा होता. त्याचं शाळेतलं नाव इथे सांगत नाही. घरी त्याला सगळे 'खोका' म्हणतात. बंगालीत खोका म्हणजे लहान मुलगा, आपल्या 'बाळ्या'सारखं. बंगाली घरांत बहुतेक प्रत्येकाची दोन नावं असतात. एक शाळेतलं 'भालो नाम', म्हणजे चांगलं नाव, आणि दुसरं घरात हाक मारायचं 'डाक नाम'.

पण आपल्याकडे खोका म्हणजे काय? साबणाचा, नाहीतर चहाचा खोका! त्याच्या आजीने दारातून हाक मारली, "ओ खोका, टिफिन राहिला रे!" झालं. दुसऱ्या दिवसापासून सगळे त्याला "खोकं, ए खोकं" म्हणू लागले.

मग तो पाण्याचा प्रसंग घडला. दुपारी त्याने हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, पाणी खाऊ?"

वर्ग फुटला! "मॅडम, हा पाणी खातो म्हणते जी!" कुणी दाताने पाणी चावून दाखवलं. मी "शांत बसा" म्हटलं खरं, पण तोंडावर पदर धरून. पोरांना ते बरोबर दिसलं. मॅडमच हसतात, मग आपल्याला कोण बोलणार?

त्यानंतर रोज काहीतरी नवं सापडू लागलं. तो "आई आला" म्हणायचा, "माझा वही" म्हणायचा. वाघाला 'बाघ' म्हणायचा आणि विमानाला 'बिमान'. मी लाल शाईने दुरुस्त करायची. पण तो असं का म्हणतो, हे स्वतःला एकदाही विचारलं नाही.

आणि मग माझ्याकडून ती मोठी चूक झाली. मी त्याला म्हटलं, "उद्या साताचा पाढा पाठ करून ये. येशील ना?"

तो मान खाली घालून म्हणाला, "चेष्टा करीन, मॅडम."

"काय? माझी चेष्टा करणार?" मला राग आला. तास संपेपर्यंत मी त्याला भिंतीशी उभं केलं. तो काहीच बोलला नाही. त्या दिवसापासून तो वर्गात बोलेनासाच झाला. हजेरीलाही नुसता हात वर करायचा. मला वाटलं, चला, पोरगा सुधारला!

ऑक्टोबर आला. आमच्याकडचं ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीतच असेल. एके दिवशी शाळा सुटायच्या वेळी खोका बाकावरून उठला आणि मटकन खाली बसला. त्याला घेरी आली होती. चेहरा घामाने डबडबला होता, ओठ कोरडे पडले होते. आम्ही त्याला पंख्याखाली झोपवलं, थोडं थोडं पाणी पाजलं. शेजारी बसणारी मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, हा शाळेत पाणीच पीत नाही. मागितलं का पोरं हसतात ना, म्हणून."

मुलांनो, दहा पावलांवर माठ होता. आणि एक मुलगा दिवसभर तहानेला राहत होता, का तर 'पाणी' हा शब्द तोंडातून काढायची त्याला भीती वाटत होती. मला त्या वेळी जे वाटलं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही.

मी त्याला घरी पोचवायला गेले. घर साधंच, कौलारू. परसात जाळी वाळत घातलेली. त्याची आजी बाहेर आली, पांढरं लुगडं, सत्तरीच्या घरातली. बंगालीत वडिलांच्या आईला 'ठाकुमा' म्हणतात. तिने मला खाट दिली. "बोशुन, दिदिमोनी," म्हणाली. बसा, बाई. तिकडे शाळेतल्या बाईंना दिदिमोनी म्हणतात. मग ताटलीत मुरमुरे आणले, कांदा-मिरची घालून, वर मोहरीच्या तेलाची धार.

"पोरगा घरी लय बोलते, दिदिमोनी," ती म्हणाली. "शाळेचं नाव काढलं का चूप."

मी तिला सगळं सांगितलं, भिंतीशी उभं केलं तेही. खोकाचे बाबा ऐकत होते. ते म्हणाले, "मॅडम, बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न जी. तो म्हणत होता, मी प्रयत्न करीन."

माझ्या हातातला मुरमुऱ्यांचा घास हातातच राहिला.

मग मी त्या घरात दीड तास बसले आणि डी.एड.ला न शिकलेल्या पुष्कळ गोष्टी शिकले. बंगालीत पाणीही 'खातात', चहाही 'खातात'. तिथे पिण्यालाही खाणंच म्हणतात. बंगालीत 'तो' आणि 'ती' या दोघांनाही एकच शब्द, 'शे'. आई येवो, बाबा येवो, गाडी येवो, क्रियापद एकच. मग 'आला' कुठे आणि 'आली' कुठे, हे त्या पोराला कसं कळावं? बंगालीत आपला 'व' बहुतेक ठिकाणी 'ब' होतो. म्हणजे खोका चुकत नव्हता. तो मनात बंगालीतून मराठीत येत होता आणि वाटेतल्या दगडांना ठेचकाळत होता.

आणि एक गंमत ऐका. बंगालीत रागाला काय म्हणतात? रागच! हाताला हात, नाकाला नाक, कानाला कान. भाताला भात. मातीला माटी. मला वाटत होतं, दोन भाषांमध्ये मोठा डोंगर आहे. निघाला एक बांध!

पण बंगाली माणसं आमच्या गडचिरोलीच्या रानात आली कशी? तुम्हालाही हा प्रश्न पडला असेल. नकाशा काढा. बंगाल कुठे, आपण कुठे!

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, तशी त्याची फाळणीही झाली. पंजाबसारखेच बंगालचेही दोन तुकडे झाले. पूर्वेकडचा भाग पाकिस्तानात गेला. तोच पुढे १९७१ साली बांगलादेश झाला. या काळात तिकडची लाखो हिंदू कुटुंबं घरदार सोडून भारतात आली. कुणी फाळणीनंतर लगेच आलं, कुणी १९६४ च्या दंगलींनंतर. १९७१ च्या युद्धाच्या वेळी तर सुमारे १ कोटी माणसं सीमा ओलांडून आली. त्यांतली बरीच नंतर परत गेली.

एवढ्या माणसांना ठेवायचं कुठे? सरकारने १९५८ साली दंडकारण्य प्रकल्प सुरू केला. मध्य भारतातल्या जंगलांच्या प्रदेशात, बस्तर आणि कोरापुटकडे, निर्वासितांना जमिनी देऊन वसवायचं ठरलं. आपल्या महाराष्ट्रात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातही अशा वसाहती झाल्या. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. आज चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत बंगाली बोलणारी अनेक गावं आहेत. चंद्रपूर शहरातल्या 'बंगाली कॅम्प' चौकातून तर तुमच्यापैकी कित्येक जण गेले असतील. तिथे आता कॅम्प नाही, पण नाव राहिलं.

या गावांची नावं ऐका. विवेकानंदपूर. सुभाषग्राम. नेताजीनगर. देशबंधूग्राम, म्हणजे देशबंधू चित्तरंजन दासांच्या नावाचं गाव. आणि खुदीरामपल्ली! खुदीराम बोस हे क्रांतिकारक ११ ऑगस्ट १९०८ रोजी फासावर गेले तेव्हा ते अवघे १८ वर्षांचे होते. माणसं आली तेव्हा त्यांच्याजवळ सामान थोडंच होतं. पण आपली मोठी माणसं ती विसरली नव्हती. नव्या गावांना त्यांनी ती नावं दिली.

ठाकुमा आली तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. तिचं गाव खुलना जिल्ह्यात. तिथून सीमा, मग कलकत्त्याचं सियालदह स्टेशन, मग आगगाडीने रायपूरजवळचा माना कॅम्प. तिथे किती तरी दिवस तंबूत काढले. शेवटी चांदा.

"तिकडे आमची नदी एवढी मोठी का पलीकडचा काठ दिसत नव्हता," ती सांगत होती. "इकडे आलो तर सगळा साग आन मोह. माझी आई रडत होती. म्हणे, नदी नाही तर मासे कुठून? मग बाबांनी घरामागं खड्डा खोदला. पावसाचं पाणी साचलं. त्यात मासे सोडले. तेव्हा आई जेवली."

"वाघाची भीती नाही वाटली?" मी विचारलं.

ठाकुमा हसली. "वाघ तर तिकडेही होते, दिदिमोनी. सुंदरबन आहे ना!"

मुलांनो, एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ज्या रानात ही गावं वसली ते रान रिकामं नव्हतं. तिथे गोंड आणि माडिया लोक कित्येक पिढ्यांपासून राहत होते. मोहफुलं वेचायची, गुरं चारायची त्यांची रानं होती. त्यांना कुणी फारसं विचारलं नाही. नव्या शेजाऱ्यांकडे त्यांनी आधी दुरूनच पाहिलं असेल, कधी वाईटही वाटलं असेल. पण ठाकुमाला आठवते ती शेजारच्या गावातली एक गोंड म्हातारी. तिने ठाकुमाच्या आईला रानातल्या भाज्या ओळखायला शिकवलं. कुठली खायची, कुठली नाही. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. म्हातारी पान तोडून दाखवायची आणि मान हलवायची. मान उभी हलली तर खायचं, आडवी हलली तर सोडायचं.

निघताना मी ठाकुमाला विचारलं, "तुम्ही पाण्याला काय म्हणता?"

"जोल," ती म्हणाली. मग जरा थांबली. "पण तिकडे आमचे मुसलमान शेजारी 'पानी' म्हणायचे. माझी मैत्रीण होती, रोज संगं खेळायची. ती पानी म्हणे, मी जोल म्हणे. इकडं आली तर सगळे लोक पाणी, पाणी म्हणून राहिले. मला वाटलं, अरे, हे तर तिचा शब्द बोलतात!"

एवढं बोलून ती चूल फुंकायला वळली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात आधी माफी मागितली. सगळ्यांसमोर. "चेष्टा म्हणजे बंगालीत प्रयत्न. मला माहीत नव्हतं. मी न विचारता शिक्षा केली, ते माझं चुकलं." पोरं टकामका बघत राहिली. मॅडमही चुकतात, हे त्यांना नवीन होतं.

मग त्यांना माझीच एक फजिती सांगितली. काही वर्षांपूर्वी मी एका मोठ्या शहरात प्रशिक्षणाला गेले होते. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी विचारलं, "कुठे निघालात?" मी म्हटलं, "जेवायला जाऊन राहिली." आजूबाजूच्या बाया हसल्या. पुढचे तीन दिवस मी तिथे फार तोंड उघडलं नाही. मी चौतीस वर्षांची, पगार घेणारी शिक्षिका. माझं असं झालं, तर आठ वर्षांच्या मुलाचं काय होत असेल?

"आणि तुम्ही काय बोलता रे?" मी पोरांना विचारलं. "तुम्ही म्हणता 'तो जाते', 'बाबा येते'. पुस्तकात काय आहे?"

"तो जातो!" सगळे ओरडले.

"मग खोकाच्या 'आई आला'ला कोण हसतंय?"

आता वर्गात हसू होतं, पण वेगळं. सगळे स्वतःलाच हसत होते.

मग मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'पाणी' लिहिलं. म्हटलं, घरी पाण्याला दुसरं काही म्हणतात, त्यांनी सांगा. बराच वेळ कुणी बोलेना. मग कोपऱ्यातली गोंड मुलगी म्हणाली, "एर." वर्षभरात तिने आपल्या घरची भाषा वर्गात प्रथमच उच्चारली होती. एकाची मावशी सिरोंच्याची, तिच्याकडे तेलुगू. तो म्हणाला, "नीळ्ळु." एकीची आजी छत्तीसगडी, तिचं 'पानी'. शेवटी सगळे खोकाकडे बघू लागले. तो उठला, फळ्याजवळ आला, खडू घेतला आणि लिहिलं, 'जोल'. मग हळूच म्हणाला, "खातात."

कुणी हसलं नाही. त्याच्या शेजारणीने माठातून पेला भरून आणला आणि म्हणाली, "घे. खा."

आमच्या गडचिरोली जिल्ह्यात मराठी, गोंडी, माडिया, हिंदी, तेलुगू, बंगाली आणि छत्तीसगडी अशा सात भाषा बोलल्या जातात. मी इतकी वर्षं एकाच भाषेत हजेरी घेत होते!

पुढे जानेवारी आला. संक्रांतीला आम्ही तिळगूळ वाटला. खोकाने डब्यातून 'पिठे' आणले. बंगाली घरांत त्याच दिवशी तांदळाच्या पिठाचे, आत गूळ-खोबरं भरलेले पिठे करतात. आपल्या मोदकाचे मावसभाऊच म्हणा. सगळे मिटक्या मारत खात होते.

पण बोरांवरून पुन्हा गंमत झाली. शाळेमागची बोरं पिकली होती. पोरं खिसे भरून आणायची, खोकाला द्यायची. तो घ्यायचा, पण खायचा नाही. दप्तरात ठेवायचा. जुना वर्ग असता तर म्हणाला असता, "मोठा शहाणा आला!" या वेळी एकाने सरळ विचारलं, "काऊन नाही खात रे?" खोका म्हणाला, "सरस्वतीपूजेच्या आधी बोरं खायची नसतात. खाल्ली तर देवी रागावते, अभ्यास येत नाही."

वसंत पंचमीला बंगाली घरांत सरस्वतीची पूजा असते. मुलं आपली पुस्तकं देवीपुढे ठेवतात आणि त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी! लहानग्यांच्या हाताला धरून पहिलं अक्षर त्याच दिवशी गिरवून घेतात. त्याला म्हणतात 'हातेखोडी', म्हणजे हाती खडू.

मग काय, त्या वर्षी अख्ख्या तिसरीने वसंत पंचमीपर्यंत बोरं खायची नाहीत असं ठरवलं. दोघातिघांनी चोरून खाल्ली, ते मला माहीत आहे. पण वसंत पंचमीला आम्ही पुस्तकं मांडली, पूजा झाली आणि खोकाने टोपलीभर बोरं वाटली. साताचा पाढाही म्हणून दाखवला. साता साती एकोणपन्नासला जरा अडखळला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "चेष्टा करतो, मॅडम." आणि डोळ्यांत अशी मिश्किली, की तो बंगालीतली चेष्टा करत होता की मराठीतली, हे मला अजून कळलेलं नाही!

पालकांनो, एक शब्द तुमच्याशी. आपलीही माणसं दूर गेलेली आहेत. तंजावरला तर तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी गेलेली मराठी घरं आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांच्या घरात अजून मराठी बोलतात. कुणाचा भाचा अमेरिकेत, कुणाची नात जर्मनीत शाळेत जाते. तिथल्या वर्गात तिने पहिल्यांदा तोंड उघडलं की बाकीच्यांनी काय करावं, असं आपल्याला वाटतं? आपल्या गावातल्या शाळेत आपलं मूलही तसंच वागतं ना, एवढं घरी एकदा विचारून बघा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या वर्गात, नाहीतर गल्लीत, घरी वेगळी भाषा बोलणारं कोण आहे? गोंडी असेल, तेलुगू असेल, भोजपुरी असेल, बंजारा असेल. त्याच्याकडून 'पाणी', 'भात' आणि 'आई' हे तीन शब्द शिका. वहीत लिहा. उच्चार चुकला तर त्याला हसू द्या. आता हसण्याची पाळी त्याची!

मग आम्हाला लिहून कळवा, तुम्हाला पाण्याची किती नावं सापडली. भेटू पुढच्या आठवड्यात.